मी आहे, मी आहे, मी आहे

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा शहापुरात लाइट नव्हती. पावसाळ्यात यात नवीन काही नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालू होता, राउटर बंद पडला होता, आणि आमच्या घरात मोबाइलची रेंज मागच्या ओट्यावर एका कोपऱ्यातच येते. मी लॅपटॉप आणि छत्री घेऊन त्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो. दर काही आठवड्यांनी ऑन-कॉलची पाळी येते. त्या आठवड्यात रात्री काहीही बिघडलं तरी पहिला फोन मला. त्या रात्रीचा निरोप साधा होता : ‘नोड सात मृत. काम नोड नऊवर हलवले.’

हे वाचून खरं तर परत झोपायला हरकत नव्हती. क्लस्टर असतो तो याचसाठी. क्लस्टर म्हणजे एका कामाला जुंपलेले बरेच सर्व्हर. त्यातल्या प्रत्येकाला म्हणायचं नोड. एक नोड पडला की त्याचं काम दुसऱ्याने उचलायचं आणि ग्राहकाला पत्ताही लागू द्यायचा नाही. पण दहा मिनिटांत दुसरा निरोप आला : ‘नोड सात जिवंत.’ मग ‘नोड चार मृत.’ आणि अडीचच्या सुमाराला खरी वाईट बातमी : काही ग्राहकांना एकाच व्यवहाराचे दोन-दोन मेसेज गेले होते. म्हणजे एकच काम दोन नोड एकाच वेळी करत होते. मेलेला नोड मेलाच नव्हता.

ही चूक शोधायला मला तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्रींत आणि नंतरच्या महिनाभरात मी जे वाचलं, त्यातून कळलं की हा प्रश्न माझ्या कंपनीचाही नाही आणि फक्त कॉम्प्युटरचाही नाही. समोरून उत्तर येत नाही, तर समोरचा मेलाय की फक्त उशीर करतोय? माणसं याच्याशी दीडशे-दोनशे वर्षं झगडतायत. त्यातला काही इतिहास तर आमच्या आसनगाव-कसारा लाइनवरच सापडतो.

दर सेकंदाला एक हाक

१९७४ साली अमेरिकेत टँडम नावाची कंपनी निघाली. बँका आणि शेअर बाजार यांना कधीही बंद न पडणारा कॉम्प्युटर हवा होता आणि तोच टँडमचा धंदा होता. त्यांच्या यंत्रात एकाऐवजी अनेक प्रोसेसर असत. प्रत्येक प्रोसेसर साधारण दर सेकंदाला बाकीच्यांना एक छोटा निरोप पाठवायचा : ‘मी आहे.’ बाकीचे दर दोन सेकंदांनी तपासायचे की कुणाचा निरोप चुकला का. चुकला, की तो प्रोसेसर गेला असं समजून त्याचं काम जोडीदाराने घ्यायचं.

आज याला हार्टबीट म्हणतात. तुम्ही फोनवरून पैसे पाठवता, सिनेमा बघता, जेवण मागवता, तेव्हा पलीकडे कुठेतरी हजारो यंत्रं एकमेकांना हेच सांगत असतात. मी आहे, मी आहे, मी आहे. आमच्या क्लस्टरमध्येही प्रत्येक नोडवर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला आहे. त्याला आम्ही एजंट म्हणतो. तो मॅनेजरला सतत हाक देत राहतो.

त्या रात्री नोड सातवर शिरून मी एजंटची अवस्था बघितली. यादीत त्याच्यापुढे ‘डी’ हे अक्षर होतं. ते बघून माझी झोप उडाली.

भुतं, अनाथ पोरं आणि न मरणारे

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६३ च्या सुमाराला एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रॅमना ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलच्या एका काल्पनिक प्रयोगात रेणू निवडत बसणारा असाच एक डीमन आहे, त्याच्यावरून हे नाव. पुढे १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभं केलं, आणि त्यात चालू प्रोग्रॅमचं, म्हणजे प्रोसेसचं, एक अख्खं कुटुंब तयार झालं. प्रत्येक प्रोसेसला आई-बाप असतो. सगळ्यांची मूळ पूर्वज म्हणजे क्रमांक १ ची प्रोसेस, इनिट. एखाद्या प्रोसेसचा बाप आधी मेला तर ते अनाथ पोर इनिटच्या पदरात पडतं.

यात ‘झॉम्बी’ नावाचा प्रकार आहे. प्रोसेस मेलेली असते, पण बापाने तिच्या मरणाची नोंद घेतलेली नसते, म्हणून ती यादीत राहते. आपल्याकडे माणूस जातो, पण ग्रामपंचायतीत नोंद होत नाही आणि रेशनकार्डावर नाव तसंच राहतं, तसं. झॉम्बीचा त्रास फारसा नसतो. ती काही करत नाही, नुसती जागा अडवते.

‘डी’ अवस्था याच्या उलट. ही प्रोसेस जिवंत असते, पण डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत गाढ थांबलेली असते. या झोपेतून तिला उठवता येत नाही. ‘किल माइनस नाइन’ हा आमच्याकडचा शेवटचा उपाय. तो दिला की प्रोसेसला विचारायचीही गरज नसते, ऑपरेटिंग सिस्टिम तिला थेट संपवते. डी अवस्थेत सहसा तोही चालत नाही. हुकूम नोंदला जातो आणि अंमल होतो ती डिस्कचं उत्तर आल्यावर.

मी किल दिला. काही झालं नाही. परत दिला. मग काही मिनिटांनी आपोआप सगळं सुरळीत झालं. एजंट पुन्हा ‘मी आहे’ म्हणू लागला आणि त्याच नोडवरचं अर्धवट काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं. झोपलेल्याला काय माहीत, की मधल्या काळात त्याला मेलेलं ठरवून नोड नऊवर त्याचा वारस नेमला गेलाय.

कसाऱ्याचं उत्तर

१९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी एक निष्कर्ष गणिताने सिद्ध केला. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल आणि एकजण जरी मरू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी खात्री देणारी पद्धत असूच शकत नाही. याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. मेलेला आणि खूप उशीर करणारा बाहेरून सारखेच दिसतात. तुम्ही कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, कुठेतरी एक आकडा ठरवावाच लागतो : इतका वेळ थांबू, मग मेला म्हणू. त्या आकड्याला टाइमआउट म्हणतात. तो अंदाज असतो, पुरावा नसतो.

रेल्वेने हा धडा फार महागात शिकला. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी एक गाडी सुटली की ठरावीक मिनिटं थांबायचं आणि मागची गाडी सोडायची, अशी पद्धत होती. पुढची गेली असेल, हा अंदाज. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर एक गाडी अडकली. तिचे मागचे डबे सोडवले, ते उतारावरून उलटे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. एक, ब्लॉक पद्धत : पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दोन, आपोआप लागणारे ब्रेक : पाइप तुटला, डबा सुटला, की ब्रेक लागलाच पाहिजे.

यातला विचार बघा. पुढच्या स्टेशनकडून काहीच उत्तर नाही, तर लाइन मोकळी असेल असं म्हणायचं नाही. गाडी अजून तिथेच आहे असं धरायचं आणि थांबायचं. गप्प बसणं म्हणजे परवानगी नव्हे.

आमच्या लाइनवर या विचाराचे नमुने रोज दिसतात. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ साली आली, आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचली १८६५ साली. घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. म्हणून आजही इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. उतारावर ताबा सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग असते, म्हणजे तिला बाजूला काढून चढावर थांबवणारा रूळ. आणि कसारा लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली डेडमॅन हँडल असतं. ते त्याने सतत दाबून धरायचं. त्याला भोवळ आली, हात सुटला, की गाडी स्वतःच ब्रेक लावते. तो दाबलेला हात म्हणजे ‘मी आहे’च.

पण एक फरक आहे. हाक थांबली की लोकल थांबते. हाक थांबली की क्लस्टर दुसऱ्याला कामाला लावतो. रेल्वेला थांबणं परवडतं, कारण अपघातापेक्षा उशीर बरा. आम्हाला थांबणं परवडत नाही असं आम्हाला वाटतं, कारण दोन मिनिटं पेमेंट अडकलं तर ग्राहक शिव्या घालतो.

कायद्यानेही यावर एक आकडा ठरवलाय. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात होतं की ज्यांना सहज खबर लागली असती अशांना सात वर्षं एखाद्या माणसाची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला, पण सात वर्षं तीच राहिली. आमचा टाइमआउट त्या रात्री पाच सेकंद होता.

दोन रात्री

२६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. बाबा नेहमीप्रमाणे पहाटेच्या लोकलने आसनगावहून मुंबईला कामावर गेले होते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारनंतर लोकल बंद झाल्या. आमचा लँडलाइन मुका झाला. बाबांकडे मोबाइल होता, पण तो लागत नव्हता.

पहिली रात्र आम्ही सगळे जागे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खबर नाही. आई मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याकडची. तिचा भाऊ, आमचा मामा, पाण्यातून वाट काढत कसाबसा आला होता. तो आणि काका यांचं बोलणं चाललं होतं की आता नुसतं बसून चालणार नाही, कुणीतरी जायला हवं. आजी म्हणाली, “येल तो. कोणी जाऊ नका.” पण घरात बायका रडत असताना तिचं कोण ऐकणार? काका निघाले. मिळेल त्या गाडीने कल्याणपर्यंत, मग पुढे चालत.

२७ च्या रात्री वाशिंदकडचा एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला. त्याने बाबांना ठाण्याजवळ रुळांवरून चालताना बघितलं होतं. पायाला लागलं होतं, पण चालत होते. आईने त्याला बसवून घेतलं आणि तीनतीनदा विचारलं : कुठे बघितलं, किती वाजता, कपडे कुठले. २८ ला सकाळी बाबा एका ट्रकमधून आले. अंगणात पाय ठेवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “दादा कुठाय?”

दादा, म्हणजे आमचे काका, त्यांना शोधत कल्याणच्या पुढे गेले होते आणि आता त्यांची खबर नव्हती. एक हरवलेला परत आला आणि दुसरा हरवला. ते २९ ला रात्री आले, तापाने फणफणलेले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना छातीचा त्रास होत राहिला. बाबा अजूनही म्हणतात, “मी नुसता उशिरा येत होतो रे. त्याला उगाच पाठवलंत.”

तिसऱ्या रात्री ओट्यावर बसून नोड सातचे लॉग वाचताना मला हेच आठवलं. नोड सात नुसता उशिरा येत होता.

शेजाऱ्याला विचारा

वाशिंदच्या त्या माणसाने जे केलं, त्याच कल्पनेवर २००२ साली कॉर्नेल विद्यापीठात अभिनंदन दास, इंद्रनील गुप्ता आणि आशिष मोटिवाला यांनी ‘स्विम’ नावाची पद्धत मांडली. माझ्या हाकेला नोड सातने ओ दिली नाही, तर मी लगेच त्याला मेलेला म्हणायचं नाही. आधी दोनचार इतर नोडना सांगायचं, तुम्ही हाक मारून बघा. कदाचित माझा आणि त्याचा रस्ता तेवढा तुटलाय. त्यांनाही उत्तर आलं नाही तर त्याला ‘संशयित’ म्हणायचं आणि ही बातमी गावगप्पांसारखी पसरवायची. तो जिवंत असेल तर त्याच्या कानावर येईल आणि तो म्हणेल, अरे मी आहे.

नोड वाढत जातात तसं हे जास्त लागतं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ साली तिथे परम ८००० हा अनेक प्रोसेसर जोडून केलेला महासंगणक तयार झाला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातलाच ‘एका’ हा क्लस्टर जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत चौथा होता. अशा यंत्रांचा हिशेब सोपा आहे. एक नोड सरासरी हजार दिवसांत एकदा बिघडत असेल आणि तुमच्याकडे हजार नोड असतील, तर रोज सरासरी एक बिघडणारच. बिघाड ही घटना राहत नाही, तो रोजचा दिनक्रम होतो.

आणि चुकीचा निर्णय मूळ बिघाडापेक्षा महाग पडतो. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यंत्रणेत नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात त्यांच्या व्यवस्थापक प्रोग्रॅमने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य केलं. नेटवर्क परत आलं तेव्हा दोन्हीकडे असे बदल लिहिले गेले होते जे दुसरीकडे नव्हते. ते निस्तरून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

चूक कुणाची होती

आता आमची गोष्ट पुरी करतो. तिन्ही रात्रींचे लॉग शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. नोड ‘मरत’ होते ते दोन ते अडीचच्या दरम्यानच. दोन वाजता बॅकअप सुरू व्हायचा. बॅकअप आणि एजंटचे लॉग एकाच सामायिक स्टोअरेजवर जायचे. बॅकअपच्या लोंढ्यात स्टोअरेज अडायचं. एजंट हाक देण्याआधी लॉगमध्ये एक ओळ लिहायचा आणि ती लिहून होईपर्यंत थांबायचा. ओळ अडकली की हाकही अडकायची. नोडवरचं खरं काम ठणठणीत असायचं, त्यालाही फक्त स्टोअरेजची वाट बघावी लागायची.

पण बॅकअप तर वर्षभर असाच चालू होता. मग आत्ताच का? बदलांची नोंदवही उघडली. महिन्यापूर्वी कुणीतरी टाइमआउट ३० सेकंदांवरून ५ वर आणला होता. कारणही लिहिलं होतं : ‘नोड पडल्यावर काम लवकर हलावं म्हणून.’ खाली नाव माझं होतं.

१९८५ साली टँडममध्ये जिम ग्रे यांनी आपल्या ग्राहकांकडच्या बिघाडांचा अभ्यास केला. जगातल्या सर्वांत भरवशाच्या यंत्रांमध्येही ४२ टक्के बिघाडांचं मूळ यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या कामात होतं : देखभाल, चालवणं, सेटिंग बदलणं. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के होता. चाळीस वर्षांनी शहापुरातल्या ओट्यावर त्या ४२ टक्क्यांत मी एकाची भर घातली.

दुरुस्ती तशी छोटी होती. एजंटचे लॉग नोडच्या स्वतःच्या डिस्कवर वळवले. हाक देण्याचं काम लॉग लिहिण्यापासून वेगळं केलं, म्हणजे एक अडलं तरी दुसरं अडणार नाही. टाइमआउट परत ३० सेकंद केला. आणि सर्वांत महत्त्वाचं, टोकन आणलं. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय त्याने गाडी पुढे न्यायची नाही, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं. आम्ही तसंच केलं. काम हलवताना नव्या नोडला आधीच्यापेक्षा मोठा क्रमांक द्यायचा आणि स्टोअरेजने सर्वांत मोठ्या क्रमांकाचंच लिखाण स्वीकारायचं. जुना नोड झोपेतून उठून लिहायला आला तर त्याला सांगायचं, तुझा क्रमांक जुना झालाय. टाइमआउट पुन्हा कधी चुकेल, चुकणारच आहे. पण दोघांनी एकदम लिहिण्याचा प्रसंग येणार नाही.

मिटिंगमध्ये मी ही चूक माझीच म्हणून सांगितली. कुणी फार बोललं नाही. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “हा आकडा बदलताना तू कुणाला विचारलं होतंस?” नव्हतं विचारलं. आता आमच्याकडे असा आकडा एकट्याने बदलता येत नाही.

अजून एक बदल मी केला, तो कुणी सांगितला नव्हता. निरोपातला ‘नोड सात मृत’ हा मजकूर काढून टाकला. आता रात्री फोन वाजला तर त्यावर लिहिलेलं असतं : ‘नोड सातकडून ३० सेकंद उत्तर नाही. शेवटची हाक २ वाजून ९ मिनिटांनी.’ आपल्याला नक्की तेवढंच माहीत असतं.

बाबा आता रिटायर झालेत. तरी कल्याणला जरी गेले तरी वाटेत तीन फोन करतात : वाशिंद आलं, टिटवाळा आलं, पोचलो. आई प्रत्येक वेळी फोन उचलते, “बरं” म्हणते आणि ठेवते. पूर्वी मला याचा कंटाळा यायचा.